शालेय पोषण आहार

शाळेत शिकणाऱ्या मुलांना शाळेच्या वेळेत, शाळेच्याच आवारात सार्वजनिक खर्चाने दिले जाणारे दुपारचे शिजवलेले अन्न. केंद्र शासनाच्या कागदपत्रांत ही योजना ‘मध्यान्ह भोजन’ म्हणून ओळखली जाई. २०२१ पासून तिचे नाव ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ (पीएम पोषण) असे झाले. महाराष्ट्रात ‘शालेय पोषण आहार’ हेच नाव रुळले असून मुलांच्या तोंडी ती बहुधा नुसती ‘खिचडी’ असते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीची मुले तिच्या कक्षेत येतात. अलीकडे प्राथमिक शाळांना जोडलेल्या बालवाटिकांचाही (पहिलीपूर्वीच्या वर्गांचाही) समावेश झाला आहे.

उगम : भारतातील शालेय भोजनाचा आरंभ मद्रास महानगरपालिकेने केला, यावर सर्वसाधारण एकमत आहे. वर्षाबाबत ते नाही. शासकीय अहवालांत आणि त्यांवरून उतरवलेल्या बहुतेक लेखनात १९२५ हे वर्ष आढळते. परंतु महापालिकेच्या कामकाजाच्या आधारे मांडणी करणारे अभ्यासक सप्टेंबर १९२० मधील ठराव पुढे करतात. जस्टिस पक्षाचे नेते पी. त्यागराय चेट्टी तेव्हा महापालिकेचे अध्यक्ष होते. थाउजंड लाइट्स भागातील महापालिका शाळेच्या मुलांना, दर मुलामागे रोज एक आण्याहून अधिक खर्च न करता, खाणे द्यावे असा तो ठराव होता. पुढे आणखी चार शाळांत ही सोय झाली आणि पटसंख्या वाढली. मात्र प्राथमिक शिक्षण निधीतून हा खर्च भागवता येणार नाही असा आक्षेप निघाला आणि एप्रिल १९२५ मध्ये भोजन बंद पडले. १९२७ च्या सुमारास ते मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाले. हा क्रम ग्राह्य मानल्यास, अधिकृत पुस्तिकांतील प्रारंभवर्ष हे वास्तविक योजना थांबल्याचे वर्ष ठरते. प्रस्तुत नोंदीत १९२० हे वर्ष अधिक विश्वसनीय मानले आहे.

मुंबईच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा आहे. ‘१९४२ साली मुंबईत युनिसेफच्या मदतीने मोफत मध्यान्ह भोजन सुरू झाले आणि सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना दूधभुकटी वाटण्यात आली’ हे विधान अनेक संदर्भयाद्यांत जसेच्या तसे पुढे सरकत आले आहे. युनिसेफची स्थापनाच डिसेंबर १९४६ मधली. तेव्हा एकतर हे वर्ष चुकीचे, नाहीतर दोन वेगवेगळ्या उपक्रमांची सरमिसळ झालेली. युद्धकाळातील एखादा स्थानिक उपक्रम आणि स्वातंत्र्यानंतरचे दूधभुकटीचे वाटप एकाच वाक्यात आले असावेत, हा दुसरा तर्क अधिक पटतो.

राज्यव्यापी स्वरूप मद्रास राज्यात मुख्यमंत्री के. कामराज यांच्या काळात आले. साधारणपणे १९५६ हे वर्ष व एट्टयपुरम हे ठिकाण सांगितले जाते. शाळेच्या वेळी गुरे राखणाऱ्या मुलाला कामराजांनी कारण विचारले आणि त्याने ‘शाळेत गेलो तर खायला कोण देईल?’ असा उलट प्रश्न केला, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला आख्यायिकेपलीकडे महत्त्व देऊ नये. शिक्षण संचालक एन. डी. सुंदरवडिवेलू यांनी गावोगावच्या देणग्यांतून उभी केलेली यंत्रणा हा योजनेचा खरा पाया दिसतो. १ जुलै १९८२ रोजी तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी ती पौष्टिक भोजन कार्यक्रमाच्या रूपात विस्तारली. गुजरात व केरळ यांनी १९८४ मध्ये तिचे अनुकरण केले.

धान्याकडून ताटाकडे : १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने २,४०८ विकास गटांत (तालुकास्तरीय प्रशासकीय विभागांत) कार्यक्रम सुरू केला, दोन-तीन वर्षांत तो देशभर पोहोचला. महाराष्ट्राने त्याच वर्षाच्या अखेरीस तो स्वीकारला. त्या काळी शाळेत काही शिजत नसे. महिन्यात ८० टक्के हजेरी भरलेल्या मुलाला तीन किलो तांदूळ मिळे व तो पिशवीतून घरी जाई. म्हणजे धान्य मुलाच्या नावाचे असले तरी ते शिजे साऱ्या कुटुंबासाठी. सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर २८ नोव्हेंबर २००१ रोजी अंतरिम आदेश दिला. किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले अन्न, वर्षातून किमान २०० दिवस, असे त्यात स्पष्ट होते. एप्रिल २००४ च्या आदेशाने स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे असे म्हटले. चुलीवर कोण बसते यावरून गावोगाव उठलेले वाद पाहता हा आदेश पहिल्याइतकाच मूलगामी मानावा लागेल. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हे भोजन कायदेशीर हक्क झाले.

कार्यपद्धती : प्राथमिकला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. त्यासाठी दर मुलामागे अनुक्रमे १०० व १५० ग्रॅम धान्य, २० व ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० व ७५ ग्रॅम भाजी, ५ व ७.५ ग्रॅम तेल धरतात. तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तांदळाबरोबर डाळी, मटकी, तेल, हळद, मोहरी वगैरे ‘धान्यादी माल’ निविदेतून नेमलेला पुरवठादार शाळेच्या दारात उतरवतो. इंधन, भाजीपाला व पूरक आहार यांचे पैसे शाळेला मिळतात. शहरांत केंद्रीय स्वयंपाकगृहातून डबे येतात. गोव्यात महिला बचत गट बाहेर शिजवून शाळेत आणून देतात, तेथे पावभाजीसुद्धा असते.

अठरा मुलांची दोनशिक्षकी शाळा घेतली तर सगळे उपस्थित असताना एक किलो ८०० ग्रॅम तांदूळ, ३६० ग्रॅम डाळ आणि ९० ग्रॅम तेल मोजून द्यायचे. धान्य वगळून साहित्य व इंधनाचा केंद्रनिर्धारित दर मे २०२५ पासून प्राथमिकसाठी ६ रुपये ७८ पैसे. म्हणजे अठरा जणांचे १२२ रुपये ४ पैसे, आणि तेही कागदावर, कारण मालरूपाने येणारा वाटा त्यातूनच वजा होतो. चूल मात्र अठरा मुलांना लागते तितकीच तीस जणांना लागते. पंचवीस मुलांपर्यंत एक स्वयंपाकी, शंभरापर्यंत दोन, पुढे दर शंभरामागे एक. केंद्राने मानधन २००९ मध्ये दरमहा १,००० रुपये, तेही दहा महिन्यांचे, ठरवले. राज्ये त्यात आपापली भर घालतात.

हजेरी झाली की मुख्याध्यापक पट मोजून तांदूळ काढून देतात. वाटपाआधी शिक्षकाला अन्नाची चव घेऊन तसे ‘चव नोंदवही’त लिहावे लागते. बिहारमधील धर्मासती गंडामन येथे १६ जुलै २०१३ रोजी कीटकनाशकमिश्रित अन्नाने २३ मुले दगावली, त्यानंतर या तरतुदीची अंमलबजावणी काटेकोर झाली. अलीकडे शंभर किलोत एक किलो या प्रमाणात लोह, फॉलिक आम्ल व बी-१२ असलेले पोषणसंवर्धित दाणे तांदळात मिसळू लागले. ते किंचित पिवळट दिसतात व पाण्यावर तरंगतात, म्हणून स्वयंपाकी बाया ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ समजून ते निवडून टाकत. पोषणाचा नेमका तेवढाच अंश सुपातून बाहेर जाई.

पाककृती : महाराष्ट्राने जून २०२४ मध्ये भात, मोड आलेले कडधान्य व गोड पदार्थ अशी तीन भागांची रचना पंधरा पाककृतींसह लागू केली, त्यांत चवळी खिचडी, मूग-शेवगा वरणभात, नाचणीचे सत्त्व हे पदार्थ होते. नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यांना केळे, अशीही सोय होती. जानेवारी २०२५ मध्ये अंडी व साखर यांसाठीचा राज्याचा निधी थांबला. हे पदार्थ आता शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून मिळवायचे आहेत.