फोन आपला, वीज कुणाची?

टेबलावर ठेवायचा साधा वायरवाला फोन आजही दुकानात मिळतो. खोकं उघडलं की आत फोनचा बेस निघतो, रिसीव्हर निघतो, रिसीव्हर बेसला जोडणारी गुंडाळीची वायर आणि भिंतीकडे जाणारी एक चपटी, सरळ वायर निघते. चार्जर नसतो. मोबाइलच्या जमान्यात वाढलेली मुलं तो शोधत बसतात आणि राहून गेला असेल म्हणून दुकानदाराला विचारायलाही जातात. तो राहिलेला नसतो. या फोनला लागणारी वीज भिंतीतल्या प्लगमधून येतच नाही. ज्या दोन तारांवरून आवाज येतो, त्याच तारांवरून ती टेलिफोन एक्स्चेंजमधून येते.

एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची स्वतंत्र खोली असते. तिथे २ व्होल्टचे २४ लेड-ॲसिड सेल एकामागे एक जोडून ४८ व्होल्ट मिळवतात. बाहेरच्या विजेवर हे सेल सतत चार्ज होत राहतात आणि ती वीज गेली की जनरेटर सुरू होतो. म्हणून पावसाळ्यात सगळा गाव अंधारात असला तरी तांब्याच्या तारेवरचा फोन मात्र चालू असायचा. या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं, त्यामुळे फोनच्या तारेवर उणे ४८ व्होल्ट असतात. मुद्दाम उलटं केल्यासारखं वाटतं, पण त्याला कारण आहे. ओल्या जमिनीतल्या केबलला कुठे चीर पडली आणि आतलं तांबं जमिनीच्या तुलनेत धन असलं, तर विद्युत-रासायनिक क्रियेने ते विरघळायला लागतं. तेच ऋण ठेवलं की टिकतं.

ही सोय सुरुवातीपासून नव्हती. मुंबईत पहिलं एक्स्चेंज जानेवारी १८८२ मध्ये सुरू झालं. त्या काळच्या फोनला ग्राहकाच्या घरीच बॅटरी लागायची, आणि एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरचं लक्ष वेधायला फोनच्या बाजूचा दांडा गरागरा फिरवून आतला छोटा जनित्र चालवावा लागे. हजारो घरांतल्या बॅटऱ्या सांभाळत फिरण्यापेक्षा एकच मोठी बॅटरी एक्स्चेंजमध्ये ठेवावी, ही पद्धत १८९० च्या दशकात आली. टेबलावरचा फोन पुढे शंभर वर्षं इतका साधा आणि चिवट राहिला तो या एका निर्णयामुळे.

आता रिसीव्हर उचलला की काय होतं ते पाहू. रिसीव्हरच्या वजनाने जे बटण दाबलेलं असतं ते वर येतं आणि दोन तारा फोनच्या आतून एकमेकींना जोडल्या जातात. एक्स्चेंज, तार, फोन, परत तार, परत एक्स्चेंज असं वर्तुळ पूर्ण होतं आणि त्यातून साधारण २० ते ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो. एवढा प्रवाह वाहतोय यावरूनच एक्स्चेंजला कळतं की या घरी कुणीतरी फोन उचलला. मग ते डायल टोन पाठवतं. आपल्याकडे तो ४०० हर्ट्झच्या आसपासचा गुणगुणता सूर असतो. मल्टिमीटर लावून पाहिलं तर रिसीव्हर खाली असताना तारांवर ४८ ते ५० व्होल्ट दिसतात, आणि उचलल्यावर ६ ते १० च उरतात. बाकीचे लांबलचक तारेत आणि एक्स्चेंजच्या सर्किटमध्ये खर्च होतात. रिसीव्हर वाकडा ठेवला तर वर्तुळ पूर्णच राहतं. थोड्या वेळाने एक्स्चेंज कंटाळून ती लाइन बाजूला टाकतं आणि बाहेरून फोन करणाऱ्याला तुम्ही तासन् तास एंगेज मिळता.

जोडणी दोन मिनिटांची आहे. सरळ वायरचं एक टोक बेसच्या मागच्या सॉकेटमध्ये आणि दुसरं भिंतीवरच्या छोट्या पांढऱ्या डबीत, जिला लाइनमन रोझेट म्हणतात. गुंडाळीच्या वायरचा प्लग थोडा अरुंद असतो आणि त्यात चार तारा असतात: दोन बोलण्यासाठी, दोन ऐकण्यासाठी. ही वायर रिसीव्हर आणि बेसच्या बाजूच्या सॉकेटमध्ये जाते. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. अर्धवट बसलेला प्लग हे फोन डेड असण्याचं एक नेहमीचं कारण आहे. रोझेटमध्ये स्क्रूखाली दोन तारा असतात. त्यांतली कुठली कुठे लावायची, याची आजच्या फोनला फिकीर नसते, कारण आत चार डायोडचा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा, पूल असतो आणि वीज कुठूनही आली तरी तो ती योग्य दिशेलाच वळवतो. त्याच तारेवर एडीएसएल इंटरनेट असेल तर मात्र फोनच्या आधी स्प्लिटर, म्हणजे दोघांचे संकेत वेगळे करणारी छोटी डबी, लावायलाच हवा. आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली असतो आणि इंटरनेटचे संकेत २५ किलोहर्ट्झच्या वर. दोघांना वेगळं केलं नाही की फोनवर खरखर ऐकू येते आणि फोन उचलला की नेट तुटतं.

फोन वाजतो कसा, हा भाग मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. रिसीव्हर खाली असताना वर्तुळ तुटलेलं असतं, मग घंटीला वीज कुठून मिळणार? युक्ती अशी की घंटीच्या वाटेत एक कपॅसिटर बसवलेला असतो. तो एकदिश (डीसी) प्रवाह अडवतो, सतत दिशा बदलणारा प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह जाऊ देतो. कॉल आला की एक्स्चेंज ४८ व्होल्टवर सुमारे ७५ व्होल्टचा, २५ हर्ट्झचा प्रत्यावर्ती दाब चढवतं. तो कपॅसिटर ओलांडून घंटी वाजवतो. तुम्ही रिसीव्हर उचलता त्या क्षणी एकदिश प्रवाहही वाहू लागतो, एक्स्चेंजला तो जाणवतो आणि ते लगेच रिंग थांबवून बोलणं जोडून देतं. रोझेटच्या उघड्या स्क्रूंना बोट लावून काम करताना नेमका कॉल आला तर चांगला झटका बसतो तो या ७५ व्होल्टचा. म्हणून रोझेट उघडल्यावर स्क्रूंना उघडं बोट लावू नये. आणि विजा कडाडत असताना वायरवाला फोन कानाला लावू नये. बाहेरची लांब तार विजेचा लोंढा घरात आणू शकते.

पावसाळ्यातलं एक जुनं कोडंही इथेच सुटतं. फोन अर्धी रिंग देतो आणि गप्प होतो. उचलावा तर पलीकडे कुणी नाही, किंवा नुसती खरखर. फोन बदलून काही उपयोग नसतो, कारण दोष फोनमध्ये नसतोच. रस्त्यावरच्या खांबावरच्या डीपी बॉक्समध्ये, म्हणजे जिथून घरोघरी तारा फुटतात त्या पेटीत, किंवा जमिनीखालच्या जोडात पाणी शिरलेलं असतं. त्या ओलीतून दोन तारांमध्ये थोडा एकदिश प्रवाह वाहतो. एक्स्चेंजला वाटतं फोन उचलला गेला, आणि ते रिंग बंद करतं. उलट डायल टोन छान येतो पण रिंग कधीच वाजत नाही, असं असेल तर आधी फोनच्या बुडाशी असलेलं रिंगरचं छोटं बटण पाहावं. साफसफाईत ते सरकलेलं असतं. दिवाणखान्यात एक आणि माडीवर एक असे पॅरलल फोन असलेल्या घरांत रिंग मंद वाजायची, कारण तीच ७५ व्होल्टची ताकद सगळ्या घंट्यांत वाटली जायची. आणि वरून कुणी चोरून ऐकायला रिसीव्हर उचलला की खालच्याचा आवाज एकदम बारीक व्हायचा: एकच प्रवाह दोन फोनांत विभागला जाई. संशय कुणावर घ्यायचा ते घरच्यांना बरोबर कळायचं.

नंबर फिरवण्याची गोष्टही त्या वर्तुळाचीच आहे. जुन्या चकतीच्या फोनमध्ये ३ फिरवला की चकती परत येताना वर्तुळ तीनदा तुटायचं, शून्याला दहादा. वेग सेकंदाला सुमारे दहा तुटण्यांचा. आल्मन स्ट्रोजर या अमेरिकन माणसाला १८९१ मध्ये पेटंट मिळालेल्या स्वयंचलित एक्स्चेंजच्या घराण्यातली यंत्रं या खटक्यांवर पायरी पायरीने सरकत नंबर गाठायची. आपल्याकडे फोन महाग होता तेव्हा लोक चकतीच्या भोकात छोटं कुलूप लावून ठेवत. पण चकती फक्त वर्तुळ तोडायचं काम करते, आणि ते काम रिसीव्हरखालचं बटणही करतं. ते बटण ठराविक लयीत टकटक दाबून कुलूप न उघडता नंबर लावणारी पोरं गल्लोगल्ली होती. कुलूप लावणाऱ्या वडिलांना बिल आल्यावर समजायचं.

बटणांचा फोन वर्तुळ न तोडता सूर पाठवतो. प्रत्येक बटणाला दोन सूर असतात, एक आडव्या ओळीचा आणि एक उभ्या ओळीचा. ५ दाबला की ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकदम वाजतात. एकच सूर ठेवला असता तर बोलण्यातल्या किंवा शिटीतल्या एखाद्या आवाजाने आपोआप नंबर लागण्याची भीती होती. शिवाय हे आकडे असे निवडलेत की एक सूर दुसऱ्याच्या दुप्पट किंवा तिप्पट येत नाही. ही पद्धत अमेरिकेत नोव्हेंबर १९६३ मध्ये ग्राहकांना मिळाली. तेव्हा बटणं दहाच होती. चांदणी आणि हॅश १९६८ मध्ये आले. बटणांची मांडणीही अंदाजाने ठरलेली नाही. बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या संशोधनशाळेत गोलाकार, दोन ओळींची अशा अनेक मांडण्या माणसांकडून वापरून घेतल्या आणि वेग व चुका मोजल्या. म्हणून फोनवर १-२-३ वर असतात आणि कॅल्क्युलेटरवर खाली.

फोनच्या कडेला टी आणि पी असं लिहिलेलं बटण असेल तर ते टीवर, म्हणजे टोनवर ठेवा. पीवर असेल तर फोन चकतीच्या फोनसारखे खटके पाठवतो. नंबर बहुधा लागतो, पण बँकेच्या ‘मराठीसाठी दोन दाबा’ला उत्तर देता येत नाही, कारण पलीकडच्या यंत्राला सूर हवे असतात. फ्लॅशचं बटण वर्तुळ क्षणभरच तोडतं, कॉल वेटिंग घ्यायला ते लागतं. नंबर दिसणारा स्क्रीन असलेल्या अनेक फोनांत छोटे सेल घालावे लागतात, कारण रिसीव्हर खाली असताना लाइनवरून वीज ओढली तर एक्स्चेंज त्यालाच फोन उचलला असं समजेल. आणि लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावायचा, हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून देशभर आहे. नवा फोन लावल्यावर ‘मुंबईचे नंबर लागतात, मोबाइल लागत नाही’ अशी तक्रार येते ती बहुतेकदा यामुळे.

आवाजाबद्दल थोडं. जुन्या रिसीव्हरमध्ये बोलायच्या टोकाला कोळशाच्या कणांची डबी असायची. आवाजाने कण दाबले जात आणि प्रवाह कमी-जास्त होई. ती जुनी झाली की कण चिकटून बसत, म्हणून रिसीव्हर टेबलावर आपटणं हा खरोखर उपाय होता. आता तिथे इलेक्ट्रेट माइक असतो, त्याला आपटून काही होत नाही. टेलिफोनच्या वाटेवर आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. ‘स’ आणि ‘फ’मधला फरक सांगणारी बरीच ऊर्जा त्याच्या वर असते, म्हणून नवीन माणसाला नाव सांगताना ‘साठे, सफरचंदातला स’ असं करावं लागतं. पुरुषांच्या आवाजाचा मूळ सूर तर ३०० च्या बराच खाली असतो, तो तारेवर जातच नाही. वरच्या सुरांवरून मेंदू तो स्वतः भरून काढतो आणि आपल्याला बाबांचा आवाज बाबांचाच वाटतो. बोलताना स्वतःचा आवाजही थोडासा कानात येतो, तो मुद्दाम ठेवलेला असतो. अगदीच बंद केला तर लाइन मेली असं वाटून माणूस ओरडायला लागतो. जास्त ठेवला तर पुटपुटतो.

आता गेल्या काही वर्षांतला बदल. तांब्याच्या तारा काढून घरोघरी फायबर येतंय. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. त्यामुळे घरात ओएनटी नावाची डबी बसते आणि तिच्या मागे ‘फोन’ लिहिलेलं एक सॉकेट असतं. आपला टेबलावरचा फोन तिथे लावला की त्याला वाटतं आपण जुन्याच एक्स्चेंजला जोडलेलो आहोत: वर्तुळ, डायल टोन, रिंग सगळं ती डबीच तयार करते. पण तिला वीज लागते ती तुमच्या घरची. म्हणजे बॅटरी सांभाळण्याचं जे काम १८९० च्या दशकात घरातून एक्स्चेंजकडे गेलं होतं, ते आता परत आपल्या गळ्यात पडलंय, आणि बहुतेकांना हे पहिल्यांदा दिवे गेल्यावरच कळतं. घरात म्हातारी माणसं असतील आणि लँडलाइन त्यांच्या अडीअडचणीसाठी ठेवली असेल, तर हे आधीच तपासावं. मेन स्विच बंद करायचा, रिसीव्हर उचलायचा, डायल टोन आहे का पाहायचं. नसेल तर ओएनटी इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावी. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस पुरतो. बहुतेक ओएनटींना १२ व्होल्ट लागतात; डबीच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, तेच पाहून यूपीएस घ्यावा. यूपीएस लावल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी, आणि या वेळी मोबाइलवरून घरच्या नंबरला फोनही लावून पाहावा. या डबीचं सॉकेट खोलीभर तारेसाठी बनवलेलं असतं. त्यावर पूर्वीसारखे तीन-चार पॅरलल फोन टांगले तर डायल टोन व्यवस्थित येतो, पण रिंग वाजेलच असं नाही. जुना चकतीचा फोन हौसेने जोडला तर तो वाजतो, त्यावर बोलताही येतं, फक्त अनेक ओएनटींना त्याचे खटके ओळखता येत नाहीत, त्यामुळे त्यावरून नंबर लागत नाही.