‘ॲक्वामॅन’ पाण्याखाली चित्रित झाला होता का?

२०१८च्या ‘ॲक्वामॅन’ या चित्रपटातली समुद्रतळाची दृश्यं कलाकारांनी टाकीत श्वास रोखून दिली, ही समजूत चुकीची आहे. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टच्या स्टुडिओत ती कोरड्यातच चित्रित झाली.

निळ्या पडद्यासमोर कलाकाराला तारांवर किंवा दोन दातांच्या चिमट्यासारख्या रिगवर (आधार देणाऱ्या सांगाड्यावर) कमरेतून धरून ठेवत. पण तरंगणारं शरीर सैल असतं. भार कमरेवर आला की पाय लोंबतात, मान ताठरते, ताण चेहऱ्यावर दिसतो. त्यामुळे पोहल्यासारखं हलणं कलाकाराला स्वतःच सांभाळावं लागतं.

सगळ्यांत चिवट अडचण केसांची. हवेत ते खालीच पडतात. म्हणून खरे केस बांधून टाकले आणि तरंगणारे केस संगणकावर घडवले. या कामाचं मोल फार कमी प्रेक्षकांना कळतं.

खऱ्या पाण्यात संवाद म्हणता येत नाहीत, तोंडातून बुडबुडे येतात, नजर धूसर होते. २०२२च्या ‘अवतार : द वे ऑफ वॉटर’चं मोशन कॅप्चर, म्हणजे कलाकारांच्या हालचाली संगणकासाठी टिपण्याचं काम, मात्र खरोखर पाण्याच्या टाकीत झालं. तिथे वरून पडणारा प्रकाश कलाकारांच्या अंगावरची चिन्हं टिपण्यात अडथळा आणू नये म्हणून पृष्ठभागावर पांढरे गोळे पसरले होते. बहुधा या दोन चित्रपटांचीच गल्लत होते.