पावसाळ्यासाठी बोट शाकारताना : ताडपत्री घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सस्नेह नमस्कार.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, आणि पर्यटकांच्या बोटींच्या बाबतीत त्याहूनही अधिक दिवस, आपली बोट किनाऱ्यावर शाकारलेली राहते. त्यासाठी ताडपत्री घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक कापड किती जाड घ्यावे एवढेच विचारतात. साध्या फायबर होडीला २५० जीएसएमची (म्हणजे दर चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाची) ताडपत्री पुरते, असे आमचे मत आहे. परंतु दुरुस्तीसाठी आमच्याकडे परत येणाऱ्या ताडपत्र्या बहुधा पावसाने विरलेल्या नसतात; त्या साचलेल्या पाण्याच्या ओझ्याने ताणलेल्या, नाहीतर वाऱ्याने घासून फाटलेल्या असतात. म्हणून कापडापेक्षा त्याखालच्या सांगाड्याचा विचार आधी करावा.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि सरासरी १० सेंटीमीटर खोल अशा खळग्यात १०० लिटर, म्हणजे १०० किलो पाणी मावते. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की हवामान विभाग त्याला अत्यंत मुसळधार म्हणतो, आणि कोकणाला असे दिवस नवीन नाहीत. सात मीटर लांब व दोन मीटर रुंद बोटीवर अशा एका दिवसात सुमारे २,८५० लिटर पाणी पडते. ते वाहून गेले तर काहीच बिघडत नाही. खळगा मात्र सुरुवातीला ओंजळभर पाण्याचाच असतो. त्या वजनाने कापड किंचित ताणते, ताणलेले कापड पूर्ववत होत नाही, आणि पुढची सर त्याच जागी आणखी पाणी भरते. थंड देशांत हिवाळ्यात बर्फाच्या भाराने बोटींची आच्छादने अशीच खचतात, आणि तेथेही उपाय उताराचाच असतो.

सांगाडा घराच्या छपरासारखा उभारावा. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत बांबूचे किंवा जाड पीव्हीसी पाइपचे सलग आढे घ्यावे, त्याला खालून ठिकठिकाणी टेकू द्यावेत आणि दोन्ही काठांवर दोन-दोन फुटांच्या अंतराने वासे सोडावेत. उतार निदान तीस अंशांचा हवा. बांबूची कापलेली टोके जुन्या ट्यूबच्या तुकड्यांनी गुंडाळावीत, पेरे तासून घ्यावीत आणि ताडपत्री टाकण्यापूर्वी सगळ्या सांगाड्यावरून एकदा हात फिरवावा, कारण हाताला जे बोचते ते वाऱ्याच्या चार दिवसांत कापडाला भोक पाडते.

पावसाळी वारा प्रामुख्याने नैर्ऋत्येकडून येतो. दोन ताडपत्र्या जोडायच्या असल्यास वाऱ्याकडची वर ठेवून ती दुसरीवर दोन फूट तरी चढवावी. दोरी कड्यांतून ओवून बोटीच्या तळाखालून पलीकडे न्यावी आणि पलीकडच्या कड्यांना बांधावी. बोटीखालच्या ओंडक्यांना किंवा ठोकळ्यांना ती कधीही बांधू नये. वाऱ्याने कापड उचलले की ठोकळा सरकतो आणि बोट कलंडते. नायलॉनची दोरी भिजल्यावर सैल पडते, म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर ती पुन्हा आवळावी.

ताडपत्री काठाखाली वीतभर उतरली की पुरे. चहूबाजूंनी घट्ट आवळलेली बोट दिसायला नीटनेटकी असते, परंतु आतली दमट हवा कोंडून गाद्यांना बुरशी लागते आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज चढतो. वाऱ्याच्या उलट बाजूच्या टोकाला, आढ्याखाली, हवेसाठी जागा मोकळी ठेवावी. बाहेरचे इंजिन गोड्या पाण्याने धुऊन, उतरवून घरी उभे ठेवावे. बॅटरीही घरी न्यावी.

नाळ थोडी उंच ठेवून तळाचे बूच काढावे, म्हणजे आत झिरपलेले पाणी मागून निघून जाईल. काढलेले बूच इंजिनच्या किल्लीलाच बांधून ठेवावे. ते न लावता बोट पाण्यात ढकलण्याचा प्रसंग हसण्यासारखा वाटतो, पण घडतो.

मोठा पाऊस ओसरल्यावर बोट पाहून यावे. पाणी साचलेले दिसल्यास बांबूच्या टोकाला गोणपाट गुंडाळून कापड कडेकडून हळूहळू वर रेटावे; थेट भरलेल्या खळग्याखाली उभे राहू नये. भोक पाडून पाणी सोडू नये, कारण ते बोटीतच पडते. पाणी तसेच राहू दिले तर आठवडाभरात त्यात डासांची पैदास होते, आणि त्याचा त्रास साऱ्या वाडीला. फाटलेल्या जागेवर ठिगळ लावण्यापूर्वी ती गोड्या पाण्याने पुसून पूर्ण सुकवावी. खारट, ओलसर कापडावर कोणताही चिकटपदार्थ टिकत नाही.

नवी ताडपत्री शिवून घ्यायची असल्यास केवळ बोटीची लांबी-रुंदी सांगू नये. सांगाडा आधी उभारावा, एका काठाखालून आढ्यावरून दुसऱ्या काठाखालपर्यंत दोरी टाकून ती मोजावी, आणि हे माप पुढे, मध्ये व मागे अशा तीन ठिकाणी घेऊन आमच्याकडे आणावे.