पार्श्वभूमी : शेजारच्या धंद्याचा आवाज आणि ‘आधी कोण आलं?’चा वाद

दुकान, वर्कशॉप किंवा क्लबच्या आवाजावरून शेजाऱ्यांशी भांडण झालं की दोन्ही बाजूंची पहिली वाक्यं ठरलेली असतात. ‘आम्ही तुमच्या आधीपासून इथे आहोत,’ आणि ‘म्हणून आम्ही झोपायचं नाही का?’ कोर्टांनी दीडशे वर्षं या पहिल्या वाक्याचा कीस पाडला. तोडगे मात्र बहुतेक वेळा दुसरीकडूनच निघाले.

सगळ्यात गाजलेला खटला १८७९ चा, स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन. लंडनच्या विगमोर स्ट्रीटवर ब्रिजमनचा मिठाईचा व्यवसाय होता. मागच्या स्वयंपाकघरात विटांच्या बांधकामात बसवलेली दोन मोठी संगमरवरी उखळं होती. त्यांतली लाकडी मुसळं उभी धरणारे आडवे आधार थेट सामाईक भिंतीत रोवले होते. वीस वर्षांहून जास्त काळ हे चाललं, कोर्टात जाण्याइतकं काही घडलं नाही, कारण भिंतीपलीकडे बाग होती. १८७३ मध्ये शेजारच्या डॉक्टर स्टर्जेसनी बागेच्या टोकाला, नेमकी त्याच भिंतीला लागून, रुग्ण तपासण्याची खोली बांधली. रुग्णाची छाती ऐकायला जावं तर भिंतीतून मुसळाची धडधड!

‘वीस वर्षं आवाज केला, आता तो आमचा हक्क झाला,’ असा ब्रिजमनचा बचाव होता. कोर्टाने तो फेटाळला. खोली नव्हती तोवर डॉक्टरांना दावा लावण्याजोगा त्रासच नव्हता, मग ती वर्षं मोजायची कशी? डॉक्टर जिंकले. याच निकालात न्यायमूर्ती थेसिगर यांनी म्हटलं की बेलग्रेव्ह स्क्वेअरमध्ये जो उपद्रव ठरेल, तो बर्मंडसीत ठरेलच असं नाही. पहिली श्रीमंतांची वस्ती, दुसरी चामडं कमावणाऱ्यांची. झोप दोन्हीकडे सारखीच लागते, हा मुद्दा कोणी काढला नाही.

माझ्या मते या प्रकरणातली खरी गोम त्या आधारांत होती. आवाज हवेतून कमी आणि भिंतीतून जास्त पोचत असणार. आधार भिंतीतून काढून स्वतंत्र चौकटीवर घेतले असते तर त्रास बराच कमी झाला असता. आज ध्वनितज्ज्ञ पहिल्यांदा हेच बघतो : कॉम्प्रेसर, पंप, स्पीकर इमारतीला कुठे टेकलेत? रबरी पॅड घालण्याचा खर्च वकिलाच्या फीपुढे किरकोळ असतो.

१९६० मध्ये अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी हाच खटला पुन्हा उकरून काढला. त्यांचं म्हणणं असं की त्रास एकतर्फी नसतो. डॉक्टरला वाचवायचं तर मिठाईवाल्याचं नुकसान होतं, त्याला वाचवायचं तर डॉक्टरचं. बोलणी फुकटात होत असती, तर हक्क कुणाचाही ठरो, दोघांनी पैशांची देवाणघेवाण करून सगळ्यात कमी नुकसानीचा मार्ग काढला असता. प्रत्यक्षात बोलणी फुकट होत नाहीत, आणि दुकानाच्या वर तीस बिऱ्हाडं असली तर ती होतच नाहीत. कोस यांना १९९१ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी ‘बोलणी फुकट असतील तर’ ही अट मात्र सोयीने गाळली.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. १९१६ च्या न्यूयॉर्कच्या नियमांपासून धंदे आणि घरं वेगवेगळ्या पट्ट्यांत ठेवण्याची पद्धत रुळली; ‘खाली दुकान, वर घर’ असलेल्या इमारतींना तिचा उपयोग नव्हता. आणि १९२० च्या दशकात डेसिबल हे आवाज मोजायचं एकक आलं. भांडणाला आकडा मिळाला, पण आकड्यालाही खोट आहे. नियमांत सर्रास वापरलं जाणारं ‘ए’ मापन कानाच्या संवेदनेनुसार खालचे स्वर कमी धरतं. ६३ हर्ट्झच्या खोल स्वराला तब्बल २६ डेसिबल वजा होतात. म्हणून बासचा धमधमाट अंथरुणात जाणवतो आणि मीटर ‘मर्यादेत’ दाखवतो.

अलीकडे प्रश्नच बदलला आहे : आधी कोण आलं यापेक्षा बदल कोणी घडवला? जो नवीन बांधतो, त्याने आवाज अडवण्याचा खर्च करायचा. हे तत्त्व ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये नियोजनात आणलं, इंग्लंडच्या राष्ट्रीय धोरणात ते २०१८ ला आलं. लंडनच्या मिनिस्ट्री ऑफ साउंड क्लबसमोर निवासी टॉवर येणार होता, तेव्हा २०१४ मध्ये बिल्डरशी करार झाला. आवाज रोखणाऱ्या खिडक्या तर आल्याच, शिवाय क्लबला ठरावीक आवाज करण्याचा हक्क लेखी मिळाला. तो जागेला जोडलेला, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्यालाही बांधील.

कोर्टंही थोडी हलली. मोटारशर्यतींच्या स्टेडियमवरून झालेल्या कॉव्हेंट्री विरुद्ध लॉरेन्स खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘तुम्ही नंतर राहायला आलात’ हा बचाव पुन्हा नाकारला. पण त्याच निकालात, मनाईहुकूम आपोआप न देता नुकसानभरपाईचा विचार मोकळेपणाने करावा, असंही सांगितलं.

फ्रान्सने २०२४ च्या कायद्यात उलट बाजू घेतली : आधीपासून चालू असलेला, नियमात बसणारा धंदा नंतर आलेल्या शेजाऱ्याला जबाबदार नाही. अट एवढीच, की धंदा पूर्वीसारखाच चालावा किंवा त्रास वाढलेला नसावा. साहजिकच अशा वादांत जुन्या आवाजाची नोंद मोलाची ठरते. छतावर नवा पंखा बसवला, बंद व्हायची वेळ तासाभराने पुढे ढकलली, की ‘वाढला’ आणि ‘नाही वाढला’ यावर घासाघीस सुरू.