श्रवणरुची (घरगुती हाय-फाय)

श्रवणरुची : घरी ध्वनिमुद्रित संगीत ऐकताना कोणता आवाज ‘चांगला’ वाटतो, याविषयीची व्यक्तिगत पसंती आणि ती घडवणारी कानाची जाण. एकाच अ‍ॅम्प्लिफायरला एक जण ‘गोड’ म्हणतो, दुसरा ‘बसका’. अशा वादांत रुचीचा वाटा वाटतो त्यापेक्षा कमी असतो. खोली, आवाजाची पातळी आणि डोळे हे तीन घटक वजा केल्यावर जी आवडनिवड उरते, तिलाच रुची म्हणणे रास्त.

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये मांडलेल्या प्रयोगात तेच स्पीकर श्रोत्यांनी एकदा पडद्याआडून आणि एकदा समोर पाहून ऐकले. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले. पडदा असताना मात्र पसंती बरीचशी एकमेकांशी जुळते, असे टूल यांच्या दीर्घ संशोधनात आढळले : समोर सपाट (सगळे स्वर सारख्याच जोराने) आणि बाजूंनाही तसाच एकसारखा आवाज फेकणारे स्पीकर बहुतेकांना आवडतात. खर्जाचे प्रमाण किती हवे, यावर मात्र पडद्याआडही एकमत होत नाही.

पातळीचा परिणाम सर्वांत फसवा. दोन उपकरणांत अर्ध्या डेसिबलचा फरक असला, तर कानाला तो ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही. किंचित मोठ्याने वाजणारे उपकरण ‘अधिक मोकळे’ आणि ‘तपशीलवार’ भासते. दुकानातल्या तुलनेत हेच घडते. शिवाय हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये त्याचे आलेख मांडले. नाशिकमध्ये कॉलेज रोड किंवा इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये रात्री शेजाऱ्यांसाठी आवाज उतरवला, की दुपारी भरदार वाटलेले स्पीकर किरकिरे वाटू लागतात. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरचे ‘लाउडनेस’ बटण यासाठीच असे. रात्री ते वापरण्यात कसलाही कमीपणा नाही.

खोलीचा हिशेब मांडता येतो. समोरासमोरच्या भिंतींत घुमणारा सर्वांत खालचा स्वर म्हणजे ३४३ भागिले अंतराची (मीटरमध्ये) दुप्पट. १० × १२ फुटांची खोली आणि १० फुटांवर स्लॅब धरला, तर लांबीत सुमारे ४७ हर्ट्‌झ, तर रुंदी आणि उंची दोन्हींत ५६ हर्ट्‌झ येतात. दोन मापे सारखी असल्याने ५६ वर दुप्पट गर्दी होते. डग्ग्यावर मींड घेताना एखादाच टप्पा फुगतो आणि पुढचा हरवतो, तो या आणि यांच्या पटीतल्या स्वरांमुळे. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर हा खर्ज जास्तीत जास्त, तर दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा. सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे घेणे हा बिनखर्चाचा पहिला उपाय. सबवूफर (फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) असेल तर तो तात्पुरता बैठकीच्या जागी ठेवून खर्जाचा एखादा तुकडा लावावा, गुडघ्यांवर बसून कोपरा न् कोपरा ऐकत फिरावे आणि जिथे तो सर्वांत एकसारखा वाटेल, तिथे सबवूफर कायम करावा.

मधल्या आणि वरच्या पट्टीचा त्रास टाइल, काच आणि सिमेंटच्या गिलाव्यामुळे होतो. अशी उघडी खोली दोन सेकंदांहून अधिक घुमू शकते. ऐकण्यासाठी साधारण अर्धा सेकंद पुरे. बैठकीवर बसून दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावे. आरशात ट्विटर (स्पीकरमधला वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) दिसेल तिथूनच आवाज परावर्तित होऊन कानावर येतो; तिथे दुमडलेली गोधडी भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून टांगावी. जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा. कोपऱ्यात उभी केलेली कापसाची गादी ५६ हर्ट्‌झला मात्र हातही लावत नाही. त्या स्वराच्या लहरीचा चौथा भागच दीड मीटर भरतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांत लाकडी तक्तपोशी आणि फळ्यांचा माळा स्वतः थरथरून खर्ज पितात, म्हणून तेच स्पीकर तिथे आटोपशीर वाजतात. वाड्यातून सिडकोच्या घरात आणलेली जोडी ‘बिघडली’ अशी तक्रार असेल, तर आधी घर तपासावे.

प्रामाणिक तुलनेसाठी मल्टिमीटर पुरतो. ४०० हर्ट्‌झचा स्वर लावून स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्टेज मोजावे. एका अ‍ॅम्प्लिफायरवर २.०० व्होल्ट असेल तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ च्या आत आणावे. म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आसपास राहतो. तोच तुकडा काही सेकंदांत अदलाबदल करून ऐकावा, कारण बारीक नादभेदाची स्मृती फार टिकत नाही. अदलाबदल करणाऱ्याने नाणे उडवून क्रम ठरवावा आणि ऐकणाऱ्याच्या नजरेआड राहावे. १६ पैकी १२ वेळा ओळखले तर निव्वळ योगायोगाची शक्यता चार टक्क्यांखाली येते. १० पैकी ७ म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. २.५ चौरस मिलिमीटर छेदाची पाच मीटर साधी तांब्याची वायर आणि तितक्याच लांबीची महागडी केबल या चाचणीत सहसा वेगळी पडत नाहीत. व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर मात्र वेगळा पडू शकतो : त्याचा निर्गम अवरोध (आउटपुट इम्पिडन्स) जास्त असल्याने स्पीकरच्या बदलत्या अवरोधानुसार काही स्वर उचलले जातात. त्याची आवड हा भ्रम नव्हे, तो एक खरा फेरफार आवडण्याचा प्रकार आहे.

कान रोज सारखा नसतो. विसर्जन मिरवणुकीत नाशिक ढोलाच्या पथकाजवळ काही तास काढल्यावर श्रवण तात्पुरते मंदावते, विशेषतः ४,००० हर्ट्‌झच्या आसपास. पुढचा किमान एक दिवस उपकरणांवर मत देऊ नये. साठीनंतर १२,००० हर्ट्‌झच्या वरचे बहुतेकांना फारसे ऐकू येत नाही. ट्विटर २०,००० पर्यंत जातो की ३०,००० पर्यंत, हा वाद घालणारे बहुधा याच वयाचे असतात.

रुची ध्वनिमुद्रणाशीही बांधलेली असते. नाशिकला १९२१ मध्ये जन्मलेले गायक द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांचे मुद्रण मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचे आहे. अशा तबकड्या स्टिरिओ काट्याने वाजवताना ‘मोनो’ कळ दाबली, की उभ्या दिशेची खरखर बरीच कटते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीला सुमारे ७५ मायक्रॉनचा काटा लागतो. एलपीचा बारीक काटा खाचेच्या तळाशी घासत जातो आणि मग ‘जुने मुद्रणच तसे’ हा ग्रह होतो. हिवाळ्यात नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा काट्याच्या दांडीचे रबर ताठरते, आवाज कोरडा होतो आणि जोरकस तानेवर फाटतो. खोली २० अंशांवर येईपर्यंत थांबावे आणि काट्याचा तबकडीवरचा भार उत्पादकाने दिलेल्या पल्ल्याच्या वरच्या टोकाला ठेवावा.