हौशी कोण आणि रस्ता कुणाचा? हौशी सायकल शर्यतींच्या चढ-उतारांची पार्श्वभूमी

पगार किंवा करार नसताना सायकल शर्यतीत उतरणारे लोक व्यावसायिक सायकलपटूंपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहेत. इतिहास मात्र लिहिला जातो तो मोठ्या व्यावसायिक शर्यतींचा. हौशी शर्यतींचं नशीब कोण किती वेगाने धावला यावर फारसं ठरलेलं नाही. हौशी कुणाला म्हणायचं आणि शर्यतीसाठी रस्ता कोण देणार, या दोन प्रश्नांची उत्तरं जशी बदलत गेली, तशी या शर्यतींची कधी भरभराट झाली, कधी त्या पार कोपऱ्यात ढकलल्या गेल्या.

पॅरिसजवळच्या सँ-क्लू उद्यानात ३१ मे १८६८ रोजी झालेली शर्यत जेम्स मूर या तरुण इंग्रजाने जिंकली. ती जगातली पहिलीच सायकल शर्यत होती, असं बरेचदा सांगितलं जातं. तो मान नक्की कोणत्या शर्यतीचा यावर वाद आहे. पुढच्या वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रुआँ ही १२३ किलोमीटरची शर्यतही मूरनेच जिंकली. पॅडल थेट पुढच्या चाकाला जोडलेली जड सायकल, खडबडीत रस्ते, आणि लागलेला वेळ साडेदहा तासांहून जास्त. बक्षीस होतं १,००० फ्रँकचं. लांब पल्ल्याच्या या पहिल्या मोठ्या शर्यतीपासूनच पैसा खेळात होता आणि फ्रान्समध्ये त्याचं कुणाला वावडं नव्हतं.

इंग्लंडमध्ये होतं. तिथे खेळांचे नियम करणारी मंडळी उच्चवर्गीय होती. पैशासाठी खेळणं त्यांना कमीपणाचं वाटे, आणि हातांनी काम करून पोट भरणारा माणूस आपल्या शेजारी उभा राहावा, हेही त्यांना रुचत नसे. रोइंग आणि ॲथलेटिक्समध्ये मेकॅनिक, कारागीर आणि मजूर यांना हौशी खेळाडूच्या व्याख्येतूनच वगळलेलं होतं. सायकलिंगमध्ये असली भिंत फार काळ टिकणं शक्य नव्हतं. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर ‘सेफ्टी’ सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपचा हवा भरलेला टायर आला, आणि उंच चाकावरची धाडसी कसरत संपली. कारकून, दुकानांतले नोकर, कारखान्यांतले कामगार, सगळे सायकलवर बसले. त्यांतले ताकदवान शर्यतीत उतरणारच होते.

तरी मनातली भिंत लवकर पडली नाही. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एडवर्ड बॅटल आणि फ्रेडरिक कीपिंग हे ब्रिटिश वकिलातीतले दोन नोकर सायकलिंगमध्ये उतरले, तेव्हा ‘नोकर माणूस हौशी कसा?’ म्हणून त्यांना रोखण्याचा प्रयत्न तिथल्याच काही इंग्रजांनी केला. तो फसला. बॅटल अथेन्स-मॅरेथॉन-अथेन्स या ८७ किलोमीटरच्या शर्यतीत तिसरा आला आणि कीपिंग १२ तासांच्या शर्यतीत दुसरा. हौशीपणाच्या नावाखाली काय जपलं जात होतं, हे या प्रसंगाइतकं उघड क्वचितच दिसलं असेल.

दुसऱ्या बाजूला सायकलींचे कारखानदार होते. जिंकणाऱ्याच्या सायकलीला खप असतो, हे त्यांनी लगेच ओळखलं आणि १८८० च्या दशकातच चांगल्या हौशी खेळाडूंना आडमार्गाने पैसे मिळू लागले. अमेरिकेच्या आर्थर झिमरमनचं उदाहरण घ्या. हौशी असल्यामुळे त्याला रोख बक्षीस घेता येत नसे; त्याऐवजी पियानो, घोडागाड्या, चांदीची भांडी, जमिनीचे तुकडे मिळत. सायकली बनवणाऱ्या रॅले कंपनीशी त्याचं नाव जोडलं गेल्यावर ब्रिटिश सायकल संघटनेने १८९३ मध्ये त्याला हौशी म्हणून शर्यतीत उतरू दिलं नाही. त्याच वर्षी शिकागोत पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि हौशींच्या स्प्रिंटमध्ये हाच झिमरमन जगज्जेता झाला. एकच माणूस एका देशात अपात्र आणि दुसऱ्या देशात विजेता, अशा अवस्थेतून पुढे १९०० मध्ये पॅरिसमध्ये यूसीआय ही आजची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

रस्त्याचा प्रश्न सर्वांत तीव्र झाला तोही ब्रिटनमध्येच. सायकलच्या शर्यतीचं एक गणित असतं: पुढच्याच्या आडोशाने चालवणाऱ्याची जवळजवळ एक तृतीयांश ताकद वाचते. त्यामुळे सगळे एकदम सुटले की घोळका होतो, आणि घोळका सबंध रस्ता व्यापतो. घोडागाड्या बिथरू लागल्या, पोलीस मागे लागले. १८९४ मध्ये एका शर्यतीदरम्यान घोडागाडीशी गाठ पडून काही सायकलपटू पडले. त्यांत फ्रेडरिक टी. बिडलेक हाही होता. सायकलिंगवरच बंदी येईल या भीतीने ब्रिटिश संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींपासून हात झटकले. बिडलेकने मग वेगळी वाट काढली. एकेकाला ठरावीक अंतराने सोडायचं, प्रत्येकाने एकट्याने धावायचं, घड्याळ निकाल देईल. नॉर्थ रोड क्लबने ५ ऑक्टोबर १८९५ रोजी ५० मैलांची अशी टाइम ट्रायल घेतली. पुढची कित्येक दशकं ब्रिटिश हौशी सायकलपटू पहाटेच्या अंधारात, घोट्यापर्यंत काळे कपडे घालून, कुणाच्या नजरेत न भरता धावत राहिले. मार्गांना सांकेतिक नावं असत, पत्रकांवर ‘खाजगी’ असं छापलेलं असे. मला या लोकांविषयी फार आदर वाटतो. बघायला कुणी नाही, टाळ्या नाहीत, आणि तरी दर रविवारी पहाटे क्लबचा कुणीतरी घड्याळ घेऊन रस्त्याच्या कडेला उभाच.

पण या गुप्ततेची किंमतही मोठी होती. युरोपच्या मुख्य भूमीवर गावोगावी घोळक्याच्या शर्यती होत होत्या. डावपेच, चढावरचे हल्ले, शेवटच्या धावेतली चलाखी तिथली मुलं लहानपणापासून शिकत होती. ब्रिटिश खेळाडू एकट्याने वेगात धावायला शिकले, घोळक्यात टिकायला नाही. जागतिक स्पर्धांतून हा फरक स्वतः अनुभवलेल्या पर्सी स्टॅलर्डने महायुद्धाच्या धामधुमीत बंड केलं. पेट्रोलच्या टंचाईमुळे रस्ते मोकळे होते. पोलिसांना विश्वासात घेऊन ७ जून १९४२ रोजी त्याने लँगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी शर्यत भरवली. ती सुरळीत पार पडली, आणि ब्रिटिश संघटनेने स्टॅलर्डला निलंबित केलं. त्याने व त्याच्या सोबत्यांनी त्याच वर्षी ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायक्लिस्ट्स काढली. दोन्ही गटांचं भांडण १९५९ मध्ये मिटलं आणि १९६० मध्ये रस्त्यावरच्या सायकल शर्यतींसाठी सरकारी नियम झाले. मधल्या काळात लीगच्या इयन स्टीलने १९५२ ची पीस रेस जिंकून बंडाचं फळ दाखवून दिलं होतं.

ही पीस रेस म्हणजे हौशी शर्यतींचा सर्वांत उंच माथा. १९४८ मध्ये वॉर्सा आणि प्राग यांच्या दरम्यान ती सुरू झाली, १९५२ पासून बर्लिनही त्यात आलं. मागे कम्युनिस्ट पक्षांची वृत्तपत्रं होती, कपड्यांवर पिकासोचं कबुतर. तिथले विजेते कागदोपत्री हौशी, प्रत्यक्षात सराव हेच त्यांचं काम आणि खर्च सरकारचा. पण म्हणून त्यांचं कसब खोटं ठरत नाही. पूर्व जर्मनीच्या गुस्ताव-आडोल्फ शूरने १९५८ आणि १९५९ मध्ये हौशींचं जागतिक विजेतेपद मिळवलं. १९६० मध्ये झाक्सेनरिंगच्या घरच्या मार्गावर सलग तिसरं विजेतेपद त्याच्या आवाक्यात होतं. शेवटच्या टप्प्यात बेल्जियमचा विली वांडेनबर्गेन फक्त शूरवर डोळा ठेवून होता. ते ओळखून शूरने आपला सहकारी बर्नहार्ड एकश्टाइन याला निसटू दिलं. एकश्टाइन पहिला, शूर दुसरा.

त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात रोम ऑलिंपिकच्या १०० किलोमीटर सांघिक शर्यतीत डेन्मार्कचा क्नुड एनेमार्क येन्सन भयंकर उन्हात कोसळला आणि दगावला. अधिकृत निदान उष्माघाताचं होतं. त्याच्या चमूला औषधं दिली गेल्याची चर्चाही झाली. खेळांतल्या उत्तेजकविरोधी चाचण्यांची मागणी या मृत्यूनंतर जोर धरू लागली.

ऑलिंपिकच्या दबावाखाली यूसीआयने १९६५ मध्ये हौशी आणि व्यावसायिक अशा दोन वेगळ्या उपसंघटना केल्या. पुढची जवळपास तीन दशकं दोन्ही जगं शेजारी राहिली. फ्रान्समधल्या एसीबीबीसारख्या हौशी क्लबांतून फिल अँडरसन, स्टीफन रोश यांच्यासारखे परदेशी तरुण व्यावसायिक झाले. या शिडीची प्रत्येक पायरी क्लबच्या माणसांनी फुकट श्रम करून बांधली होती.

स्त्रियांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी दोन जगं नव्हतीच. जागतिक स्पर्धेत त्यांना १९५८ मध्ये प्रवेश मिळाला, ऑलिंपिकमध्ये थेट १९८४ मध्ये. सर्वोत्तम स्त्री सायकलपटूलाही पोटासाठी दुसरं काम करणं भाग होतं. यॉर्कशरची बेरिल बर्टन शेतावर राबायची आणि जगज्जेतीही व्हायची, तब्बल सात वेळा. १९६७ मध्ये १२ तासांच्या टाइम ट्रायलमध्ये तिने २७७.२५ मैल कापले. त्याच दिवशी माइक मॅकनमारा पुरुषांचा नवा विक्रम करत होता. बर्टनने त्याला गाठलं, त्याला एक लिकोरिसची (ज्येष्ठमधाची) गोळी देऊ केली आणि पुढे गेली. तिचं अंतर त्याच्यापेक्षा जास्त भरलं. हौशी शर्यतींच्या साऱ्या इतिहासात माझ्या मते याहून मोठी कामगिरी नाही.

बर्लिनची भिंत पडल्यावर सरकारी हौशींची व्यवस्था कोसळली. १९९२ मध्ये उपसंघटना पुन्हा एक झाल्या. हौशींची शेवटची जागतिक रोड रेस १९९५ मध्ये कोलंबियात झाली. ती जिंकणारा डॅनी नेलिसन आधी व्यावसायिक संघांतून खेळून परत हौशी झालेला होता. १९९६ मध्ये ऑलिंपिक व्यावसायिकांना खुलं झालं आणि जागतिक स्पर्धेत हौशींच्या जागी २३ वर्षांखालचा गट आला. निर्णय प्रामाणिक होता, पण त्यात २३ किंवा त्याहून जास्त वयाच्या हौशी खेळाडूचं शिखरच नाहीसं झालं. पीस रेसही २००६ नंतर बंद पडली.

रस्ताही हळूहळू हातातून गेला. मोटारी वाढल्या, बंदोबस्ताचा आणि विम्याचा खर्च वाढला, चौकाचौकांत झेंडा घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक म्हातारे झाले. छोट्या क्लबची शर्यत बंद पडायला एका परवानगीचा नकार पुरतो. ती जागा ग्रान फोंदोंनी घेतली: हजारो लोक, भरघोस प्रवेशशुल्क, बुटाला किंवा सायकलीला वेळ मोजणारी चिप. इटलीची नोव्हे कोल्ली १९७१ पासूनची, टूर द फ्रान्सच्या मार्गावरची एताप द्यु टूर १९९३ पासूनची. या गर्दीने खेळाला पैसा आणि माणसं दिली, पण डावपेच शिकवणारी छोटी शर्यत ती देऊ शकत नाही. रोगही जुनाच: २०१५ च्या सायकलिंग सुधारणा आयोगाच्या अहवालाने हौशींमध्ये उत्तेजकांचा वापर सर्रास होऊ लागल्याचा इशारा दिला. जिथे बक्षीस नाममात्र आणि तपासणी त्याहून क्वचित, तिथे हे व्हावं याचं मला मनापासून दुःख होतं.

२०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शर्यती थांबल्या तेव्हा रस्त्याची गरजच नसलेली शर्यत पुढे आली. त्या डिसेंबरात झ्विफ्टवर, म्हणजे घरातल्या सायकलला पडद्यावरच्या आभासी रस्त्याशी जोडणाऱ्या ऑनलाइन मंचावर, झालेल्या पहिल्या ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धेतली पुरुषांची शर्यत जर्मनीचा रोइंगपटू जेसन ऑस्बोर्न जिंकला आणि नंतर त्याला व्यावसायिक संघात जागाही मिळाली. घरातल्या ट्रेनरवर अंगातली ताकद मोजता येते; वळणावर शेजारच्याच्या खांद्याला खांदा लावणं शिकता येत नाही.

मोटारींची वर्दळ कमी असलेल्या मातीच्या आणि खडीच्या रस्त्यांवर मात्र शर्यत पुन्हा मोकळी झाली आहे. अशा रस्त्यांवरच्या, म्हणजे ग्रॅव्हल शर्यतींची पहिली जागतिक स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत वेनेतो भागात झाली. पात्रता शर्यतीत आपल्या वयोगटातल्या पहिल्या चतुर्थांशात येणाऱ्याला तिचं दार उघडतं, मग तो आठवडाभर कुठेही नोकरी करणारा असो.