मनोविकार विभागाची पोस्टिंग: विद्यार्थ्यांच्या अनास्थेची पार्श्वभूमी

मनोविकार विभागात पोस्टिंग (त्या विभागात काही आठवडे रुग्णांजवळ राहून शिकणे) लागली की ग्रंथालयात बसायला वेळ मिळतो, अशी समजूत एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांत रुजलेली आहे. याचा सगळा दोष मुलांना देणे अन्यायाचे आहे.

मनोरुग्ण बराच काळ वैद्यकीय महाविद्यालयाबाहेरच होता. १८५८ आणि १९१२ च्या कायद्यांचा भर त्याला कोंडून ठेवण्यावर होता. नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा इथली मनोरुग्णालये त्याच काळात उभी राहिली. सर्वसाधारण रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आली ती १९३३ मध्ये, कलकत्त्यात मनोविश्लेषक गिरींद्रशेखर बोस यांच्यामुळे. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात.

रुग्ण जवळ आला, पण अभ्यासक्रमात त्याला जागा मिळाली नाही. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या १९९७ च्या एमबीबीएस नियमावलीत या विषयाला २० तास व्याख्याने आणि २ आठवड्यांची पोस्टिंग होती. इंटर्नशिपमध्ये तो ऐच्छिक. स्वतंत्र पेपर नाहीच, मेडिसिनच्या पेपरात थोडे गुण. ज्यात नापास होण्याची भीती नाही, तो विषय मुले आधी सोडतात. त्यातच वरिष्ठ एखादा रुग्ण ‘फंक्शनल आहे’, म्हणजे शारीरिक आजार काही नाही, असे म्हणून हसण्यावारी नेतात. ते शिक्षण व्याख्यानापेक्षा खोल जाते.

मानसोपचाराकडे पाहण्याची ही वृत्ती मोजण्यासाठी कॅनडात १९८२ मध्ये ३० विधानांची ‘एटीपी-३०’ प्रश्नावली तयार झाली. गुण ३० ते १५०, तटस्थ बिंदू ९०. भारतातही ती वापरली जाते. मात्र तिच्यातले चांगले गुण म्हणजे रुग्णाशी चांगले वागणे नव्हे. विषय आवडला तरी ‘हे रुग्ण धोकादायक असतात’ हा समज मनात टिकून राहू शकतो.

तो समज पोस्टिंगमध्येच घट्टही होतो. वॉर्डात दाखल झालेले बहुतेक रुग्ण आजाराच्या सर्वांत तीव्र टप्प्यात असतात. विद्यार्थी तेवढेच पाहतो आणि निघून जातो. गोळ्या घेऊन कामावर परतलेला स्किझोफ्रेनियाचा रुग्ण फॉलोअपच्या ओपीडीत येतो, तेव्हा हा विद्यार्थी दुसऱ्या विभागात असतो. म्हणून आमच्या मते प्रत्येकाला पोस्टिंगमध्ये निदान एक बरा होत चाललेला रुग्ण द्यावा, त्याची पूर्ण हिस्ट्री आणि मनःस्थिती तपासणी त्याने शिक्षकासमोर करावी, आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारायलाही तिथेच शिकावे. असे विचारल्याने तो विचार रुग्णाच्या डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. तीपायी अनेक डॉक्टर प्रश्नच टाळतात.

२०१९ च्या अभ्यासक्रमात पोस्टिंग ४ आठवड्यांची झाली, २०२१ च्या नियमांनी इंटर्नशिपमध्ये २ आठवडे सक्तीचे झाले. गुण मात्र अजून मेडिसिनच्याच पेपरात आहेत.